सुताराचा गुण्या आणि शाळेतलं गणित

मंडळी, एक साधा प्रश्न. मोजपट्टीवर पेन्सिल ठेवलीय. एक टोक शून्यावर, दुसरं सातावर. लांबी किती? सात सेंटिमीटर, कुणीही सांगेल. आता तीच पेन्सिल जरा पुढं सरकवा. एक टोक दोनावर, दुसरं नवावर. आता लांबी किती?

हसू नका. 'असर' ही शिक्षणाची पाहणी आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यांनी २०२३ साली २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत, ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना असेच प्रश्न विचारले. शून्यापासून सुरू होणारं माप जवळपास ८५ टक्के मुलांना आलं. सुरुवात शून्यावरून हलवली आणि बरोबर उत्तर देणारे ३९ टक्क्यांवर आले. यातली बहुतेक मुलं शाळा-कॉलेजात जाणारी होती. म्हणजे निम्म्याच्या आसपास पोरं पट्टीवरचा आकडा वाचतात, लांबी मोजत नाहीत.

आता आपल्या मेढ्यात किंवा आसपासच्या कुठल्याही गावात सुताराच्या कामावर जाऊन उभं राहा. टेपचं पुढचं टोक वापरून वापरून झिजलेलं असतं, पत्रा हलत असतो. मिस्त्री हाताखालच्या पोराला सांगतो, "दहावरून धर." पोरगं दहाच्या रेघेवर धरतं, पलीकडं ६८ येतात आणि तो ५८ सांगतो. कदाचित ते पोरगं दहावीत गणितात गेलेलं असतं.

मग शाळेत सुतारकाम आणलं की गणिताचा प्रश्न मिटला? इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! हा प्रयोग आपल्या देशात नव्वद वर्षांपासून चाललाय. प्रत्येक वेळी गाडा साधारण एकाच जागी रुतलाय. ती जागा कुठली, हे नीट बघायची वेळ आता आली आहे, कारण नव्या शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 'दप्तराविना दहा दिवस' सांगितलेत. त्या दहा दिवसांत मुलांनी स्थानिक कारागिरांकडं काम शिकायचं आहे, आणि धोरणात कारागिरांच्या यादीत पहिलं नाव सुताराचं आहे. म्हणून हा थोडा लांबचा इतिहास. चहा घेऊन बसा.

सुरुवात जुन्या मापांपासून करू. मुंबई इलाख्यात १६ तसूंचा एक हात आणि २४ तसूंचा एक गज असायचा. इंग्रजी मापात हात म्हणजे १८ इंच, गज म्हणजे २७ इंच. हिशेब केला तर एक तसू म्हणजे एक इंच आणि वर एक अष्टमांश. सुताराच्या भाषेत एक इंच एक सूत. गजाचे २४ भाग का केले असतील? चोविसाचे दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा असे कसेही सारखे भाग पडतात. दाराला तीन पट्ट्या घाला नाहीतर चार, अपूर्णांक न येता माप निघतं. दहाच्या पटीतल्या मापाला तीननं भागताना काय होतं ते आपल्याला माहीतच आहे.

गावचा सुतार बलुतेदार. नांगर, कुळव, पाभर, गाडी, दारं-खिडक्या सगळं त्याच्याकडं. पाभरीच्या फणांतलं अंतर चुकलं तर आख्ख्या रानाची ओळ चुकणार. गाडीच्या चाकाचं तर विचारूच नका. बारा आऱ्यांचं चाक असेल तर वर्तुळाचे बारा सारखे भाग पाडायचे. त्यावर लोखंडी धाव चढवायची, ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवायची, तापवून फुगवायची आणि चढवून झाली की पाणी मारून आवळायची. परीघ, व्यास, कोन, धातूचं प्रसरण, सगळं त्यात आलं. कागदावर काही नव्हतं. बाप करायचा, पोरगा बघायचा.

त्याच काळात पंतोजीची शाळा होती. धुळपाटीवर अक्षरं गिरवायची आणि उजळणी पाठ करायची. त्यात नुसते बे-दुणे-चार नव्हते. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणजे चक्क अपूर्णांकांचे पाढे होते. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज कॅल्क्युलेटर हातात असून किती जणांना औटकी येते? पण हे पाढे मुख्यतः हिशेबनीस, वाणी, कुलकर्णी यांच्या पोरांसाठी. सुताराचं पोरगं त्या शाळेत क्वचित.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. एकाच गावात दोन गणितं होती. एक तोंडपाठ, एक हाताला पाठ. दोघांच्या मध्ये जातीची भिंत. पाढे म्हणणाऱ्याला रंधा धरणं कमीपणाचं, आणि रंधा धरणाऱ्याला पाटी धरायची मुभा नाही. पुढचा सगळा घोळ या भिंतीतून आला.

महात्मा फुल्यांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं कटगुण. १८८२ साली हंटर आयोगापुढं दिलेल्या निवेदनात त्यांनी मागणी केली ती प्राथमिक शिक्षण सर्वांपर्यंत नेण्याची. अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेबाबरोबर शेतीची प्राथमिक माहितीही असावी, असं त्यांनी मांडलं. शिकणं आणि राबणं यांना एका ताटात बसवायची ही मागणी होती.

साधारण त्याच सुमारास युरोपात काय चाललं होतं बघा. फिनलंडमध्ये उनो सिग्नेयस या शिक्षणतज्ज्ञाच्या आग्रहानं १८६६ च्या कायद्यात लोकशाळांमध्ये हस्तकला सक्तीची झाली. शेजारच्या स्वीडनमध्ये ऑटो सालोमन यांनी नेस या गावी शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र चालवलं. तिथं लाकूडकामाचे नमुने सोप्याकडून अवघडाकडं असे ओळीनं लावलेले असायचे. या पद्धतीला 'स्लॉइड' म्हणत. मुलाला सुतार बनवायचा हा हेतूच नव्हता. डोळा, हात आणि डोकं यांनी एकत्र काम करावं, वस्तू नेमकी व्हावी, एवढाच हेतू. देशोदेशीचे शिक्षक तिथं शिकून गेले. त्यातलं महत्त्वाचं काय, तर ही गोष्ट शिकवायची जबाबदारी शाळेच्या शिक्षकावर होती. हे पुढं लागणार आहे, लक्षात ठेवा.

आता परत सातारा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली ती साताऱ्याला आणली. त्याआधी भाऊराव किर्लोस्करांचे नांगर घेऊन गावोगाव फिरलेले. शेतकऱ्याचा हात आणि शेतकऱ्याची अडचण त्यांनी जवळून बघितलेली. साताऱ्याच्या बोर्डिंगला १९२७ साली गांधीजींच्या हस्ते 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव मिळालं. तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायची आणि एकाच कामाला लागायची. स्वयंपाक, शेती, पाणी भरणं, बांधकामाला हात लावणं, सगळं आळीपाळीनं. 'कमवा आणि शिका' ही त्यांची योजना आणि 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचं वाक्य आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्यातली खरी क्रांती फी वाचली यात नव्हती. काम जातीपासून सोडवलं, ही होती. मराठ्याच्या, महाराच्या, ब्राह्मणाच्या, मुसलमानाच्या पोरानं एकच फावडं धरलं.

दहा वर्षांनी वर्ध्यात मोठी गोष्ट घडली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. डॉ. झाकिर हुसेन, जे पुढं राष्ट्रपती झाले, त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि डिसेंबरात अहवालही आला. हीच नई तालीम. मूलोद्योगांच्या यादीत सूतकताई-विणकाम, सुतारकाम, शेती, फळं-भाजीपाला, चामड्याचं काम. रोजच्या साडेपाच तासांतले तब्बल ३ तास २० मिनिटं उद्योगाला आणि संगीत, चित्रकला, गणित तिन्ही मिळून फक्त ४० मिनिटं!

आज कुठल्याही पालकाला हे वेळापत्रक दाखवा, तो दाखला काढायला धावेल. पण अहवालाचं म्हणणं असं होतं की गणित त्या ४० मिनिटांत कोंडलेलं नाही, ते उद्योगातच आहे. फळी मोजताना, लाकडाची किंमत काढताना, उरलेल्या तुकड्यांचा हिशेब लावताना शिक्षकानं तिथल्या तिथं गणित शिकवायचं. याला शब्द होता समवाय. उद्योग आणि विषय यांची सांगड.

मुंबई प्रांतात तेव्हा बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते आणि शिक्षण खातंही त्यांच्याकडं होतं. मूलोद्योगी शाळा सुरू झाल्या. १९३९ च्या शेवटी काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, मग युद्ध, मग चळवळ. स्वातंत्र्यानंतर गाडी पुन्हा निघाली, पण समवाय हळूहळू गळून पडला. कारण सरळ आहे. टकली स्वस्त, सुतारकामाची हत्यारं महाग. म्हणून बऱ्याच शाळांत टकली फिरली. शिक्षक स्वतः पुस्तकावर शिकलेला. सूत कातून झालं की 'आता पुस्तक काढा'. उद्योग एका तासात, गणित दुसऱ्या तासात. सांगड कुठंच नाही.

आणि दुसरं कारण, ज्याबद्दल आपण मोकळेपणानं बोलत नाही. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसायचं आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकायचा. म्हणजे न्हाव्याच्या पोरानं न्हावीकाम, कुंभाराच्या पोरानं मडकी. पेरियार आणि द्रविड चळवळीनं रान उठवलं, 'हे जातीचं शिक्षण आहे' म्हणाले. १९५४ मध्ये राजाजींना पद सोडावं लागलं आणि कामराजांनी ती योजना गुंडाळली. विरोध करणाऱ्यांचं बरोबरच होतं. ज्यांच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच काम केलं, त्यांना शाळेतून बाहेर पडण्याचा रस्ता हवा होता. शाळेनंही हातात बापाचाच वाकस दिला तर रस्ता कसला?

आपल्या गावातला एखादा पालक "पोराला सुतारकाम कशाला शिकवता, त्याला साहेब होऊ द्या" म्हणतो, तेव्हा त्याच्या मागं हा सगळा इतिहास उभा असतो. त्याला अडाणी म्हणून सोडून देऊ नका. त्याला उत्तर द्यायचं तर ते भाऊरावांचं आहे: काम सगळ्यांनी करायचं. डॉक्टरच्या पोरीनं, सरपंचाच्या पोरानं, सुताराच्या पोरानं आणि माथाडी कामगाराच्या पोरीनं. एकाच फळीवर.

पुढची गोष्ट आपल्या पिढीनं भोगलीय. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं 'कार्यानुभव' सुचवला. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीनं 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असं भारदस्त नाव दिलं. प्रत्यक्षात काय झालं? चाळिशीतल्या कुणालाही विचारा. आदल्या दिवशी दुकानातून आणलेली कागदी फुलं, आईनं विणलेलं तोरण, शेरा 'अ' आणि पुढचं वर्ष. गणिताच्या सरांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

पण याच महाराष्ट्रात एका माणसानं ते वेगळं करून दाखवलं. डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेत इलिनॉयला पीएच.डी. केली, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलं आणि १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतल्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय उभा केला. आठवड्यातला एक दिवस काम. लाकूड, लोखंड, बांधकाम, वीज, शेती, आरोग्य. वस्तू खरी, कुणाला तरी लागणारी. आणि प्रत्येक कामाला मोजमाप, नकाशा आणि खर्चपत्रक. किती माल लागला, किती वाया गेला, मजुरी किती धरली, वस्तू कितीला पडली. तिथला घुमट तर प्रसिद्ध आहे, त्रिकोण जोडून उभा केलेला. भूमितीचं पुस्तक उघडून त्यात राहायला जावं, तसा.

आता सगळ्यात ताजी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. २०२५ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास छापून आला. नोबेल मिळवलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो हे त्या चमूत होते. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या पोरांना अवघड हिशेब तोंडी येत होते, अगदी झटपट. पण तेच गणित शाळेच्या पद्धतीनं कागदावर मांडलं की ती अडखळत होती. आणि उलटंही खरं निघालं. शाळेत जाणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या पोरांना वहीतली गणितं बरी येत होती, पण बाजारातला हिशेब जमत नव्हता. एका बाजूचं गणित आपोआप दुसऱ्या बाजूला जात नाही.

म्हणजे पंतोजीच्या काळातली ती दोन गणितं अजून जागच्या जागी आहेत. फक्त हातात करवत देऊन भागत नाही, फक्त पाढे घोकून भागत नाही. मध्ये पूल लागतो आणि तो माणसालाच बांधावा लागतो. वर विचारलं होतं ना, गाडा कुठं रुततो? इथं. स्लॉइडमध्ये तो पूल शिक्षक होता. नई तालमीत त्याला समवाय म्हटलं आणि मग सोडून दिलं. कार्यानुभवात तो बांधलाच नाही. पाबळला तो खर्चपत्रकाच्या रूपानं बांधला.

पूल म्हणजे नक्की काय, ते उदाहरणानं सांगतो.

एक मीटर लांबीची पट्टी घ्या. तिचे पाच सारखे तुकडे करा. वहीत उत्तर २० सेंटिमीटर. आता करवतीनं कापा. पाचवा तुकडा आखूड येणार. का? करवत स्वतः लाकूड खाते. एका कापाला दोन मिलिमीटर धरले आणि पाच तुकड्यांना काप चार, म्हणजे आठ मिलिमीटर गेले. उरले ९९२. भागिले पाच, १९८.४. पाच तुकड्यांना काप पाच नाही, चार, हे फळीपुढं उभं राहिल्यावरच डोक्यात बसतं. इथं गणिताच्या बाईंनी थांबवून विचारायचं, "मग दहा तुकडे करायचे असतील तर? कितीही तुकडे करायचे असतील तर?" झालं, बीजगणित सुरू.

दुसरं. १२ मिलिमीटर जाडीच्या फळीची पेटी करायची. बाहेरून २० सेंटिमीटर लांब हवी. दोन बाजूंच्या मध्ये बसणारी फळी किती कापायची? बहुतेक पोरं २० कापतात आणि पेटी फुगते. दोन्हीकडची जाडी वजा करून १७.६. एक फळी वाया गेली की हे गणित जन्मभर चुकत नाही.

तिसरं, अपूर्णांक. एका इंचात आठ सूत. पाऊण इंच म्हणजे सहा सूत. त्यावर पाच सूत जाडीची पट्टी ठेवली तर अकरा सूत, म्हणजे एक इंच तीन सूत. वहीत हेच गणित ३/४ अधिक ५/८ असं लिहिलं की निम्मा वर्ग घाबरतो आणि ८/१२ लिहून मोकळा होतो. समान छेद म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, दोन्ही मापं सुतात बोलायला लावणं.

चौथं. चौकट गुण्यात आहे का? सुतार दोन्ही कर्ण मोजतो. सारखे आले तर काटकोन. मोठी चौकट असेल तर एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर, दोन खुणांत पाच फूट यायला हवेत. पायथागोरसचा सिद्धांत नववी-दहावीत पाठ करणाऱ्या पोराला हे एकदा दोरीनं करू द्या.

आणि पाचवं, लाकडाचा भाव. फळी आठ फूट लांब, सहा इंच रुंद, तीन इंच जाड. फूट गुणिले इंच गुणिले इंच, भागिले १४४. आठ सख अठ्ठेचाळीस, त्रिक १४४. बरोबर एक घनफूट. आता १४४ नं का भागायचं, हे मिस्त्रीला बहुतेक सांगता येणार नाही, त्याच्या बोटांना ते माहीत आहे. गुरुजींना सांगता येईल, पण त्यांनी कधी फळी विकत घेतलेली नसते. दोघं एका वर्गात उभे राहिले पाहिजेत. समवाय म्हणजे एवढंच.

आता आपल्या जावळी तालुक्यापुरतं. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर कमी पटाच्या शाळा आहेत. घरटी कुणीतरी मुंबईला. गावातला सुतारही म्हातारा झालाय, पोरं फर्निचरच्या कामाला शहरात गेलीत. त्याच्याकडचं गणित त्याच्याबरोबर जाणार. आणि दहा दिवसांचं काय होईल याची मला भीती वाटते. एक दिवस क्षेत्रभेट, एक दिवस कागदकाम, सुताराबरोबर एक ग्रुप फोटो, फोटो अपलोड, अहवाल पूर्ण. कार्यानुभवाची कागदी फुलं पुन्हा एकदा, यावेळी मोबाईलवर.

ते टाळायचं असेल तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी पुढच्या सभेत चार गोष्टी विचारा.

एक, सुताराला मानधन किती आणि कुठून? फुकट बोलावलेल्या माणसाचं काम पोरं फुकटचं समजतात. लोकवर्गणी काढा, पण पैसे द्या.

दोन, त्या दिवशी गणिताचे शिक्षक हजर असणार का? वही घेऊन, प्रश्न तयार ठेवून? ते नसतील तर तो दिवस सहल म्हणून जाहीर करा.

तीन, मुली करवत धरणार का? की त्यांना पुन्हा पॉलिश पेपर आणि रांगोळी?

चार, वस्तू कुणाच्या उपयोगाची? अंगणवाडीला छोटी स्टुलं लागतात, शाळेला पुस्तकांची मांडणी लागते. सिल्व्हर ओकच्या फळ्या, पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड आपल्याकडं मिळतं. प्रत्येक वस्तूला मुलांनी केलेलं खर्चपत्रक चिकटवा, चुकलेल्या मापासकट.

हत्यारांची भीती बाळगा, जरूर बाळगा. मशीन नको. छोटी हातकरवत, कानस, हातोडी, टेप, गुण्या आणि मोठ्या माणसाची नजर एवढ्यात सहावी-सातवीचं काम होतं.

ज्यांच्या गावात असा सुतार आहे, जो अजून सुतात बोलतो, त्यांनी खाली गावाचं नाव लिहा. माणसाचं नाव आणि नंबर त्याला विचारून मला मेसेजमध्ये पाठवा. ज्या गुरुजी-बाईंना हे करायची तयारी आहे, त्यांनीही सांगा. दोघांची गाठ घालून द्यायचं काम मी करतो.